पोप डावे की उजवे? संपत्ती, भांडवलशाही आणि स्थलांतर यांविषयी धर्मगुरू नेमके काय म्हणतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. पोप फ्रान्सिस यांनी भांडवलशाहीवर कडक टीका केली आणि स्थलांतरितांची बाजू घेतली, त्यांच्यानंतर 2025 मध्ये आलेले पोप लिओ चौदावेही बरेचसे तेच बोलत आहेत. मग हे धर्माचे मत आहे की धर्माच्या वेशातले डावे राजकारण? इतर धर्मांचे प्रमुखही असेच बोलतात का? आणि अनुयायांवर ते बंधनकारक असते का? धर्म आणि अर्थनीती हा विषय मी बरीच वर्षे शिकवत आलो आहे, आणि माझे मत असे की, डावे-उजवे या मापाने ही विधाने मोजायला गेले की ती हमखास चुकीची वाचली जातात. संपत्तीविषयीची भूमिका आणि स्थलांतराविषयीची भूमिका, निदान कॅथलिक परंपरेत, एकाच मुळातून निघालेल्या आहेत, आणि ते मूळ आधुनिक राजकीय पक्षांपेक्षा कितीतरी जुने आहे.

वर्गात मी एक प्रयोग नेहमी करतो. लेखकाचे नाव झाकून दोन उतारे वाचायला देतो. पहिल्यात म्हटलेले असते की, मूठभर अतिश्रीमंतांनी असंख्य कष्टकऱ्यांच्या मानेवर गुलामीपेक्षा फारसे वेगळे नसलेले जोखड लादले आहे. दुसऱ्यात म्हटलेले असते की, गरिबांची स्थिती सुधारायची तर खासगी मालमत्ता अभंग राहिली पाहिजे, हे पहिले तत्त्व मानावे लागेल. पहिला उतारा विद्यार्थी फ्रान्सिस यांच्या नावावर टाकतात, दुसरा एखाद्या उद्योगपतीच्या. प्रत्यक्षात दोन्ही उतारे एकाच दस्तऐवजातले आहेत: पोप लिओ तेरावे यांनी 15 मे 1891 रोजी प्रसिद्ध केलेले ‘रेरुम नोव्हारुम’ हे एन्सिक्लिकल, म्हणजे पोपने साऱ्या चर्चला उद्देशून लिहिलेले अधिकृत पत्र. त्यात समाजवाद नाकारला आहे, मालमत्तेचा हक्क उचलून धरला आहे, आणि त्याच दमात कामगाराला त्याचे पोट भरेल इतके वेतन मिळालेच पाहिजे, त्याने भुकेपोटी कमी वेतन मान्य केले तरी तो करार न्याय्य ठरत नाही, असेही बजावले आहे. कामगार संघटनांचा हक्कही मान्य केला आहे. नव्या पोपनी लिओ हे नाव का घेतले, याचा उलगडा त्यांनी स्वतः 10 मे 2025 रोजी कार्डिनलांसमोर, म्हणजे पोपची निवड करणाऱ्या ज्येष्ठ धर्मगुरूंसमोर, केला. पहिल्या औद्योगिक क्रांतीला त्या लिओंनी उत्तर दिले, आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात श्रमाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न पुन्हा उभा आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

या दोन उताऱ्यांत विसंगती दिसते ती आपण मालकीकडे एकसंध वस्तू म्हणून पाहतो म्हणून. मध्ययुगीन ईश्वरशास्त्री थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मालकीचे दोन भाग केले. वस्तू मिळवणे आणि तिची व्यवस्था पाहणे हा एक भाग, तो व्यक्तीकडे असावा, कारण आपले म्हणून माणूस जितक्या काळजीने सांभाळतो तितक्या काळजीने सर्वांचे म्हणून कोणीच सांभाळत नाही. वापर हा दुसरा भाग, आणि तिथे मात्र माणसाने वस्तू केवळ आपली न मानता गरजवंताला सहज देता येईल अशी मानावी. यातून अक्वायनस एका धक्कादायक निष्कर्षाला पोचतात: जीव जायची वेळ आलेल्या माणसाने दुसऱ्याच्या मालातून आपल्या गरजेपुरते घेतले, तर ती चोरी नव्हे. त्यांच्या आधी, चौथ्या शतकात, मिलानचे बिशप अँब्रोझ यांनी श्रीमंतांना सुनावले होते की, गरिबाला तू आपले काही देत नाहीस, त्याचेच त्याला परत करतोस. सृष्टीतील संपत्ती मुळात सर्वांसाठी आहे आणि खासगी मालकी ही ती नीट पोचवण्याची व्यवस्था आहे, असा हा विचार. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1979 मध्ये मेक्सिकोतील प्वेब्ला येथे यासाठी फार नेमका शब्द वापरला: प्रत्येक खासगी मालमत्तेवर समाजाचे गहाण आहे. मालक तुम्हीच, पण मालमत्तेवर बोजा आहे, तो उतरवल्याशिवाय ती पूर्ण तुमची नाही.

हे लक्षात आले की विसाव्या शतकातील पत्रे सरळ वाचता येतात. 1931 मध्ये, महामंदीच्या ऐन काळात, पायस अकरावे यांनी मूठभरांच्या हाती एकवटलेल्या आर्थिक हुकूमशाहीवर कोरडे ओढले आणि त्याच पत्रात, जे काम लहान समूह करू शकतो ते सरकारने हिसकावून घेऊ नये, हे तत्त्वही मांडले. 1967 मध्ये पॉल सहावे यांनी खासगी मालमत्ता हा कोणाचाही निरपवाद हक्क नाही असे लिहिले, तेव्हा ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने त्याची संभावना ‘पुन्हा ऊन केलेला मार्क्सवाद’ अशी केली. वास्तविक पॉल सहावे तिथे अँब्रोझ यांचेच वचन उद्धृत करत होते, आणि अँब्रोझ मार्क्सच्या जन्माआधी सुमारे चौदाशे वर्षे वारले होते.

माझ्या मते या सर्व साहित्यातला सर्वांत काटेकोर परिच्छेद 1991 सालचा आहे. पूर्व युरोपातील साम्यवादी राजवटी नुकत्याच कोसळल्या होत्या, आणि त्या कोसळण्यात स्वतःचा वाटा असलेले पोलिश पोप जॉन पॉल दुसरे यांना साहजिकच विचारले जात होते की, आता भांडवलशाहीच जिंकली का, आणि गरीब देशांनी तोच मार्ग धरावा का. ‘सेन्तेसिमुस आन्नुस’ या पत्रात त्यांनी उत्तर दिले की, ते भांडवलशाही या शब्दाच्या अर्थावर अवलंबून आहे. उद्योग, बाजार, खासगी मालमत्ता आणि आर्थिक क्षेत्रातील माणसाची सर्जनशीलता यांना मान देणारी व्यवस्था, असा अर्थ असेल तर उत्तर होय, मात्र तिला बाजार अर्थव्यवस्था किंवा मुक्त अर्थव्यवस्था म्हणणे अधिक योग्य. पण आर्थिक स्वातंत्र्याला कायद्याची भक्कम चौकट नसलेली आणि माणसाच्या एकूण स्वातंत्र्याच्या सेवेला ते न जुंपणारी व्यवस्था, असा अर्थ असेल तर उत्तर नाही. बाजारसमर्थक गेली तीसहून अधिक वर्षे या परिच्छेदाचा पूर्वार्ध उद्धृत करतात आणि बाजाराचे टीकाकार उत्तरार्ध. संपूर्ण परिच्छेद उद्धृत करणारा माणूस मला फार क्वचित भेटला आहे.

फ्रान्सिस यांच्याकडे याच पार्श्वभूमीवर पाहावे लागते. नोव्हेंबर 2013 मध्ये त्यांनी ‘एव्हांजेली गाउदियुम’ या दस्तऐवजात ‘ही अर्थव्यवस्था जीव घेते’ असे लिहिले, आणि वाढीची फळे आपोआप खालपर्यंत झिरपतात या सिद्धांताला वस्तुस्थितीचा आधार नाही असे म्हटले. पुढच्याच महिन्यात एका इटालियन दैनिकाला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी ते चित्र अधिक स्पष्ट केले: पेला भरला की ओसंडून गरिबांपर्यंत पोचेल असे आश्वासन होते, पण पेला भरत आला की तोच जादूने मोठा होतो. मार्क्सवादी म्हणून झालेल्या टीकेवर ते म्हणाले की, मार्क्सवादी विचारसरणी चुकीची आहे, मात्र आपल्याला आयुष्यात पुष्कळ भले मार्क्सवादी भेटले असल्याने या आरोपाचा राग येत नाही. त्यांचा अनुभव अर्जेंटिनाचा होता. तिथे 2001 मध्ये अर्थव्यवस्था कोसळली आणि बँकांतली खाती गोठली, तेव्हा ते ब्युनोस आयर्सचे आर्चबिशप होते. त्यांच्या मांडणीतली उणीवही मला याच अनुभवात दिसते. पूर्व आशियात बाजारपेठेने आणि निर्यातीने कोट्यवधी लोकांना दारिद्र्यातून बाहेर काढले, याची दखल त्यांच्या लेखनात फारच पुसट आहे. तरीही उद्योग करणे ही उदात्त साधना आहे हे वाक्य त्यांच्याच 2015 च्या पत्रात आहे, आणि अमेरिकी काँग्रेसपुढील भाषणात त्यांनी ते पुन्हा वाचून दाखवले होते. लिओ चौदावे यांनी ऑक्टोबर 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या गरिबांविषयीच्या पहिल्या मोठ्या दस्तऐवजात फ्रान्सिस यांचे ते ‘जीव घेणारी अर्थव्यवस्था’ हे शब्द कायम ठेवले आहेत. त्या दस्तऐवजाचे काम फ्रान्सिस यांच्या हयातीतच सुरू झाले होते, त्यामुळे त्यावरून नव्या पोपचे स्वतंत्र मत काढण्याची घाई मी करणार नाही.

आता स्थलांतर. संपत्तीविषयीच्या तत्त्वाशी याचा संबंध कुठे, असे अनेकांना वाटते, पण तो अगदी थेट आहे. 2020 च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या एन्सिक्लिकलमध्ये फ्रान्सिस लिहितात की, सृष्टीची संपत्ती सर्वांसाठी असेल तर एखाद्या देशातील संपत्तीही, दुसऱ्या ठिकाणाहून आलेल्या गरजवंताला नाकारता येत नाही, आणि त्या अर्थाने प्रत्येक देश परक्याचाही आहे. म्हणजे कॅथलिक विचारात देशाची सीमा ही मालमत्तेच्या कुंपणासारखी आहे: वैध, उपयुक्त, राखण्याचा हक्क असलेली, पण तिच्यावरही तोच बोजा आहे. हे फ्रान्सिस यांनी नव्याने काढलेले नाही. दुसऱ्या महायुद्धाने लाखो लोक देशोधडीला लागले, त्यानंतर 1952 मध्ये पायस बारावे यांनी स्थलांतरितांविषयी स्वतंत्र दस्तऐवज काढला, आणि तो लिहिणारा पोप स्वभावाने पुराणमतवादी म्हणूनच ओळखला जात होता. 1963 मध्ये जॉन तेविसावे यांनी न्याय्य कारण असेल तेव्हा दुसऱ्या देशात जाऊन राहण्याचा हक्क मानवी हक्कांच्या यादीत घातला. फ्रान्सिस यांनी भर घातली ती मुख्यतः कृतीची. पोप म्हणून रोमबाहेरची पहिली अधिकृत भेट त्यांनी 8 जुलै 2013 रोजी लाम्पेदूसा बेटाला दिली, जिथे आफ्रिकेतून येणाऱ्या नावा लागतात आणि बुडतातही. एप्रिल 2016 मध्ये ग्रीसच्या लेस्बोस बेटावरून परतताना त्यांनी 12 सीरियन निर्वासितांना आपल्या विमानातून रोमला आणले, आणि ते सर्व मुस्लिम होते.

या बाजूची दुसरी अर्धी गोष्ट बातम्यांत येत नाही. माणसाला आपला देश सोडावा न लागण्याचाही हक्क आहे, आणि तो आधी येतो, हे पोप वारंवार सांगत आले आहेत. स्वीडनहून परतताना नोव्हेंबर 2016 मध्ये फ्रान्सिस विमानातील पत्रकारांना म्हणाले की, निर्वासिताला दार बंद करणे माणुसकीला धरून नाही, पण आपण किती जणांना सामावून घेऊ शकतो याचा विचार शासनकर्त्यांनी विवेकाने केला पाहिजे, कारण ज्यांना समाजात सामावून घेता येत नाही ते वेगळ्या वस्त्यांत कोंडले जातात. चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथाचा 2241 क्रमांकाचा परिच्छेद याच तोलावर उभा आहे. संपन्न राष्ट्रांनी आपल्या कुवतीप्रमाणे परक्याचे स्वागत करावे, शासनाला त्यासाठी कायदेशीर अटी घालता येतात, आणि आलेल्या माणसाने त्या देशाचा वारसा जपावा, कायदे पाळावेत आणि नागरी भार उचलावा.

या भूमिकेला विरोध चर्चच्या आतूनही होतो, आणि तो अडाण्यांचा विरोध नसतो. अक्वायनस यांनीच बायबलमधील प्राचीन कायद्याच्या विवेचनात लिहिले आहे की, परक्यांना लगेच नागरिकत्व देऊ नये, काहींच्या बाबतीत ते तिसऱ्या पिढीपर्यंत लांबवणे योग्य. 2015 मध्ये, सीरियातील युद्धामुळे लोंढे येत असताना, हंगेरीतील सेगेदचे बिशप लास्लो किश-रिगो यांनी पोपना परिस्थिती माहीत नाही, हे आक्रमण आहे, असे उघडपणे म्हटले. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स, जे स्वतः कॅथलिक आहेत, यांनी प्राचीन ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन आणि अक्वायनस यांच्या ‘प्रेमाचा क्रम’ या कल्पनेचा आधार घेतला: आधी आपले कुटुंब, मग शेजारी, मग देशबांधव, मग जग. कल्पना खरोखर परंपरेतली आहे. पण अक्वायनस यांच्याच मते गरजेची तीव्रता हा क्रम बदलू शकते, आणि फ्रान्सिस यांनी 10 फेब्रुवारी 2025 रोजी अमेरिकी बिशपांना लिहिलेल्या पत्रात नेमके तिथेच बोट ठेवले. खरा क्रम समजून घ्यायचा तर बायबलमधील भल्या शोमरोन्याची गोष्ट वाचा, असे त्यांनी सुचवले, कारण त्या गोष्टीत रस्त्यावर पडलेल्याला उचलणारा परका असतो. या वादात माझे झुकते माप फ्रान्सिस यांच्याकडे आहे. तरीही त्याच पत्रात त्यांनी हिंसक गुन्हे करणाऱ्यांपासून समाजाचे रक्षण करण्याचा राष्ट्राचा हक्क मान्य केला आहे, हेही सांगितले पाहिजे.

प्रॉटेस्टंट जगाला एक केंद्र नाही, त्यामुळे तिथे मतांचा पट्टा फार रुंद आहे. देव भक्ताला श्रीमंत करतो असे सांगणाऱ्या उपदेशकांपासून ते समाजवादी पाद्र्यांपर्यंत. मे 1988 मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेत गेल्या आणि जो काम करणार नाही त्याने खाऊही नये, या संत पौलाच्या वचनाचा त्यांनी दाखला दिला; सभेच्या अध्यक्षांनी शांतपणे चर्चचे गरिबी आणि घरांविषयीचे अहवाल त्यांच्या हाती ठेवले. कँटरबरीचे तत्कालीन आर्चबिशप, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे प्रमुख धर्मगुरू, जस्टिन वेल्बी त्याआधी तेल कंपनीत अधिकारी होते, म्हणजे पैशाचे व्यवहार त्यांना परके नव्हते. जुलै 2013 मध्ये त्यांनी अवाच्या सवा व्याजाने कर्ज देणाऱ्या वोंगा या कंपनीला पतसंस्थांच्या स्पर्धेने बाजारातून बाहेर काढू, असे जाहीर केले, आणि लगेचच उघड झाले की, चर्चचाच पैसा एका गुंतवणूक निधीमार्फत त्या कंपनीत अडकलेला होता. त्यांनी लाज वाटल्याचे कबूल केले. धर्मगुरूंच्या अर्थविषयक उपदेशाची खरी कसोटी इथे लागते. निधी, निवृत्तिवेतन, इमारती, गुंतवणूक हे सर्व त्यांच्या संस्थांनाही चालवावे लागते, आणि ज्या व्यवस्थेवर टीका करायची तिच्यातच ते चालते.

उपदेश आणि व्यवहार यांच्या या झटापटीचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र यहुदी परंपरेत आहे. तोराह या यहुदी धर्मग्रंथाच्या आज्ञेनुसार दर सातव्या वर्षी कर्जे माफ होत. हेतू उदात्त होता, पण सातवे वर्ष जवळ आले की सावकार गरिबांना कर्जच देईनात. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात हिल्लेल या थोर आचार्यांनी हे पाहिले आणि कर्जाची वसुली न्यायालयाकडे सोपवण्याचा एक दस्तऐवज रूढ केला, ज्यामुळे ते कर्ज माफीतून सुटे. म्हणजे गरिबाच्या रक्षणासाठी असलेला नियम गरिबालाच मारू लागला, तेव्हा नियमाचा हेतू वाचवण्यासाठी त्याला वळसा घातला गेला. व्याजबंदीबाबतही पुढे असेच झाले: कर्जाला भागीदारीचे रूप देणारा करार निघाला, आणि इस्रायलमधील बँका आजही तो वापरतात. बाराव्या शतकातील यहुदी धर्मपंडित मायमॉनिडीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आणि सर्वांत वरच्या पायरीवर भिक्षा न ठेवता कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला पायावर उभे करणे ठेवले. परक्याविषयी तर तोराह पुन्हा पुन्हा बजावते, तालमूद या यहुदी भाष्यग्रंथाच्या मोजणीनुसार 36 वेळा, आणि कारण दरवेळी बहुधा एकच: तुम्हीही मिसर देशात (इजिप्तमध्ये) परके होता.

इस्लाममध्ये मालकी आणि व्यापार पूर्ण मान्य आहे. प्रेषित मुहंमद स्वतः व्यापारी होते. ठरावीक मर्यादेवरील साठवलेल्या संपत्तीवर अडीच टक्के जकात, म्हणजे धर्माने बंधनकारक केलेले दान, द्यावी लागते, आणि संपत्ती केवळ श्रीमंतांमध्येच फिरत राहू नये, असे कुराणात स्पष्ट म्हटले आहे. वाद आहे तो व्याजाचा. 1985 मध्ये इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेशी संलग्न फिकह (इस्लामी धर्मशास्त्रीय कायदा) अकादमीने बँकांचे व्याज निषिद्ध ठरवले, तर 1989 मध्ये इजिप्तचे मुफ्ती सय्यद तंतावी यांनी सरकारी गुंतवणूक प्रमाणपत्रांवरील निश्चित परतावा वैध ठरवला. स्थलांतर तर या धर्माच्या कालगणनेतच आहे: हिजरी सन हा इसवी सन 622 मध्ये मक्केहून मदिनेला झालेल्या प्रयाणापासून मोजतात, आणि मदिनावासीयांनी आलेल्यांना भाऊ मानून घरात घेतले, हा मुस्लिम उपदेशकांचा निर्वासितांविषयीचा ठरलेला दाखला आहे. जकातीच्या आठ लाभार्थ्यांत वाटेत अडकलेला प्रवासीही आहे. हिंदू धर्मात सर्वांच्या वतीने दस्तऐवज काढणारे पीठ नाही, त्यामुळे एखाद्या स्वामींचे मत हे हिंदू धर्माचे मत म्हणून मांडणे मी टाळतो.

संपत्तीविषयी डावे बोलणारा धर्मगुरू स्थलांतराविषयीही डावेच बोलेल, हा समज दलाई लामांनी पार मोडीत काढला आहे. आर्थिक विचारांत आपण मार्क्सवादी आहोत, असे ते अनेकदा म्हणाले आहेत, कारण मार्क्सवाद केवळ नफ्याचा विचार न करता वाटपाचा विचार करतो. तेच दलाई लामा, जे 1959 पासून स्वतः निर्वासित आहेत, सप्टेंबर 2018 मध्ये स्वीडनमधील मालमो येथे म्हणाले की, निर्वासितांना आश्रय द्या, शिक्षण द्या, पण युरोप युरोपीयांचा आहे, आणि त्यांनी अखेर परत जाऊन आपला देश उभारावा. अनेकांना धक्का बसला. त्यांचे आयुष्य पाहिले तर बसायला नको होता: परत जाण्याची आस हाच ज्यांच्या समाजाचा आधार आहे, त्यांना निर्वासितपण ही तात्पुरती अवस्थाच वाटणार.

राहिला बंधनाचा प्रश्न. कॅथलिक चर्चमध्ये पोपचे प्रत्येक वाक्य सारख्या वजनाचे नसते. एन्सिक्लिकल वेगळे, रविवारचे भाषण वेगळे, आणि विमानातल्या पत्रकार परिषदेतले उत्तर त्याहून वेगळे. शिवाय मालमत्तेवर सामाजिक बोजा आहे किंवा परका हाही माणूसच आहे, ही तत्त्वे आहेत, आणि कॅथलिक माणसाला ती झटकता येत नाहीत. पण कर किती असावा, किमान वेतन किती, वर्षाला किती जणांना प्रवेश द्यावा, हे व्यवहारविवेकाचे निर्णय आहेत, आणि तिथे प्रामाणिक मतभेदाला जागा आहे. ‘रेरुम नोव्हारुम’पासून आजपर्यंत एकाही पोपने कराचा दर सांगितलेला नाही.

12 नोव्हेंबर 2025 रोजी अमेरिकेच्या बिशपांनी बॉल्टिमोरमधील आपल्या परिषदेत जो विशेष संदेश संमत केला, त्याची रचना याच पद्धतीची आहे. सरसकट सामूहिक हद्दपारीला आमचा विरोध आहे, असे त्यात म्हटले आहे. आपल्या सीमांचे नियमन करणे आणि न्याय्य, सुव्यवस्थित स्थलांतर व्यवस्था उभारणे ही राष्ट्रांची जबाबदारी आहे, असेही त्यातच म्हटले आहे. बाजूने 216 आणि विरोधात 5 मते पडली, म्हणजे एरवी राजकीयदृष्ट्या बरेच विभागलेले ते बिशप त्या दोन्ही वाक्यांवर एकत्र आले होते. मथळे मात्र पहिल्याच वाक्याचे झाले.